सीट ब्लॉक करण्याआधी

नागपूर

चि. सोनूस,


तुझा मेसेज वाचला. बारावीचा निकाल लागला, फिजिक्स-मॅथ्सला छान मार्क पडले, पायलट व्हायचं पक्कं झालं. एका फ्लाइंग स्कूलचा माणूस रोज फोन करतो आणि शुक्रवारपर्यंत पैसे भरून 'सीट ब्लॉक' करा म्हणतो. बाबा वरुडची संत्र्याची बाग विकायच्या गोष्टी करताहेत, हे मात्र तू लिहिलं नाहीस. ते ताईकडून कळलं. फोनवर तू नुसतं 'हो मामा, हो मामा' करतेस, म्हणून हे पत्र.

शुक्रवारी एक रुपयाही भरायचा नाही. ज्यांना शुक्रवारची एवढी घाई असते, त्यांच्याकडे पुढच्या महिन्यातही जागा असते.

आधी मेडिकल. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू करून घे आणि लगेच क्लास वनच्या मागे लाग. कमर्शियल लायसन्सला क्लास वनच लागतं. पुष्कळ मुलं क्लास टूच्या जोरावर प्रवेश घेतात, निम्मी फी भरून मोकळी होतात आणि मग क्लास वनला कानाचं नाही तर हृदयाचं काहीतरी निघतं. फी परत मागायला गेलं की करारातलं बारीक अक्षर दाखवतात. तुला चष्मा आहे त्याची काळजी करू नकोस, चष्म्याने नीट दिसत असेल तर अडत नाही.

आता पैशाचं. लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास 'पायलट इन कमांड' म्हणून. आजच्या भावाने देशातच शिकलीस तरी पन्नास-साठ लाखांची बात आहे, आणि एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग त्याच्या वर. हा खर्च करून हातात येतं ते लायसन्स, नोकरी नव्हे. जाहिरातीत सांगतात की कंपन्यांनी शेकड्यांनी विमानं मागवली आहेत, पायलट कुठून आणणार? मागवली आहेत, खोटं नाही. पण हा धंदा मी भरतीलाही पाहिला आहे आणि ओहोटीलाही. २०१२ साली किंगफिशर बंद पडली, २०१९ ला जेट, मग करोना, २०२३ ला गो फर्स्ट. दर वेळी अनुभवी माणसं एकदम बाजारात आली आणि नुकतंच लायसन्स घेतलेली पोरं रांगेच्या शेवटी गेली. बँकेचा हप्ता काही रांग बघून थांबत नाही. म्हणून बाबांना सांग, बाग विकायची तर शेवटची. आधी कर्ज, शिष्यवृत्ती, विमान कंपन्यांचे कॅडेट प्रोग्राम, सगळं समोर मांडून हिशेब करायचा. त्या हिशेबाला मी बसतो.

संस्था कशी निवडायची ते विचारलंस. ब्रोशर बाजूला ठेव. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा फ्लाइंग स्कूलांची क्रमवारी लावली आणि वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था बसली नाही. ती यादी बघ, पण तेवढ्यावर ठरवू नकोस. स्वतः जाऊन दोन दिवस तिथे बसायचं. ऑफिसात चहा पाजतील, तो पिऊन हँगरकडे चालू लागायचं. किती विमानं उभी आहेत त्यापेक्षा किती उडताहेत ते मोज. पत्रकात दहा विमानं असतात; त्यातली तीन सुट्या भागांची वाट बघत धूळ खात असतात आणि दोन तर नुसती भाग काढून घ्यायला ठेवलेली. मग मेसमध्ये मुलांसोबत जेव आणि विचार, महिन्याला किती तास मिळतात? वर्षभरात पुरं होईल म्हणून आलेली मुलं अडीच-तीन वर्षं खोळंबलेली तुला भेटतील.

आणि एक प्रश्न आवर्जून विचार: शेवटची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, कोणी रद्द केली आणि का? ज्या ठिकाणी कोणालाच आठवत नाही, किंवा उत्तर देताना मुलं दाराकडे बघतात, तिथून परत ये. ते का, सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या फ्लाइंग स्कूलच्या हँगरात एका सेसना १७२ ची शंभर तासांची तपासणी झाली. इंजिनवरचं काउलिंग बसवायचं तेवढं बाकी होतं. आमच्याकडे भिंतीवर टूल बोर्ड आहे, प्रत्येक हत्याराच्या आकाराची काळी आकृती काढलेली; हत्यार परत टांगलं की आकृती झाकते. संध्याकाळी शिकाऊ पोरगा बोर्ड मोजत होता. सात-सोळांशाच्या पान्याची जागा रिकामी. तो पोरगा जेमतेम चार महिन्यांचा जुना, दुसऱ्या दिवशी पहाटे त्या विमानावर दोघांचा सोलो, म्हणजे एकट्याने उडायचं, लावलेला, पालक गावाहून पेढे घेऊन आलेले. गप्प बसता आलं असतं. उद्या सापडेल, कोणाच्या खिशात असेल, असं मनाला समजावणं फार सोपं असतं. तो आला आणि म्हणाला, "सर, पाना कमी आहे." मी चीफ इन्स्ट्रक्टरना कळवलं. ते आले, काहीही न बोलता फळ्यावरची दोन्ही नावं पुसली आणि टॉर्च घेऊन आमच्यासोबत शोधायला लागले. पाना रात्री मिळाला. फायरवॉलवर बॅटरीची पेटी असते, तिच्यामागे अडकला होता, कंट्रोल केबलपासून वीतभर अंतरावर. त्या पोराला कोणी शाबासकी दिली नाही, कोणी रागावलंही नाही. सोलो परवावर गेला, पेढे त्या दिवशीच खाल्ले.

मला जी संस्था हवी ती अशी. विमान चांगलं-वाईट हा पुढचा प्रश्न. शेवटच्या माणसाला 'आज नाही' म्हणता येतं का, हा पहिला. काही ठिकाणी मुलगी उतरल्यावर सांगते, ब्रेक डावीकडे ओढतोय, आणि इन्स्ट्रक्टर म्हणतो, तोंडी सांग, लिहू नकोस. कारण स्नॅग टेक लॉगमध्ये लिहिला की विमान ग्राउंड होतं, आणि ग्राउंड झालेलं विमान कमावत नाही. असं वाक्य तुझ्या कानावर पडलं तर वेळापत्रक कितीही छान असो, ते घर आपलं नाही.

हे 'आज नाही' तुलाही शिकावं लागेल, आणि ते विमान उडवण्यापेक्षा अवघड आहे. विदर्भातला उन्हाळा घे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते जवळपास पाच हजार फुटांवर उभं असतं, महाबळेश्वरापेक्षाही उंच. इंजिनची ताकद कमी, पंखांना उचल कमी, धावपट्टी जास्त लागते. म्हणून शहाणी माणसं पहाटे उडतात आणि दहा-साडेदहाला विमानं आत घेतात. तरी दुपारी कोणीतरी म्हणतंच, एकच सर्किट मारून येऊ, माझे दोन तास राहिलेत. पावसाळ्यात तेच: समोर ढग बसलेला दिसत असतो आणि मुलांचं लक्ष लॉगबुकाकडे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं, ही गोष्ट शाळेत पाठ केलीस. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, तेव्हा तीच मंडळी गाशा गुंडाळून पुण्याला जायची, हे पाठ्यपुस्तकात नाही. मला त्यांचं ते जास्त आवडतं.

लॉगबुकाचं निघालंच आहे तर. तुला कोणी सुचवेल, इतके तास 'ॲडजस्ट' करून देतो, सगळेच करतात. २०११ च्या सुरुवातीला गोव्यात एक प्रवासी विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरलं. चौकशी मागे मागे जात लायसन्सच्या परीक्षेपर्यंत पोचली आणि गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग आणखी काहींच्या निघाल्या. त्याच वर्षी न उडवलेले तास लॉगबुकात चढवल्याची प्रकरणंही बाहेर आली. पाठीमागे प्रवासी बसलेले असतात, सोनू. चाळीस मिनिटं उडालीस तर चाळीसच लिही.

विमान देखभालीच्या इंजिनिअरिंगचं, म्हणजे एएमईचं, तू एका ओळीत उरकलंस, 'एएमईमध्ये मुली नसतात म्हणे'. म्हणे! कमी आहेत, हे खरं. पायलटांत मात्र आपल्याकडे बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे, आणि तेही कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. १९८५ साली कोलकात्याहून सिल्चरला जे फोकर फ्रेंडशिप विमान गेलं त्याच्या कर्मचाऱ्यांत सगळ्या बायकाच होत्या, आणि कॅप्टन होती आपली सौदामिनी देशमुख. हँगरातही ते होईल. खर्च म्हणशील तर पायलटच्या मानाने फार कमी. बी-वन म्हणजे इंजिन आणि विमानाचा सांगाडा, बी-टू म्हणजे त्यातली विजेची आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मान्यताप्राप्त संस्थेतून कोर्स केलास तरी पुढे प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि प्रत्येक मॉड्यूलला ७५ टक्के लागतात; ३५ वर काठावर पास हा प्रकार इथे नाही. इथे नागपुरात मिहानमध्ये विमान दुरुस्ती केंद्रं आहेत, नाशिकजवळ ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे. शिवाय बी.एस्सी. करून एअर ट्रॅफिक कंट्रोलची परीक्षा देता येते, त्याला तर लाखो रुपये भरावे लागत नाहीत. मी तुला पायलटपासून वळवत नाहीये. क्लास वनला काही निघालं तर आकाश कोसळल्यासारखं करून घरी बसू नकोस, एवढंच.

पण कुठेही गेलीस तरी जमिनीवरचं काम आधी शिक. सकाळी पंखाखालच्या ड्रेनमधून काचेसारख्या कपात थोडं इंधन काढतात, तू करशीलच. आमचं पेट्रोल निळसर असतं, आणि रात्रीतून टाकीत जमलेलं पाणी तळाशी बिनरंगी थेंबासारखं बसतं. थेंब दिसला की ओतून पुन्हा काढायचं. नवी मुलं थेंब शोधतात, थेंब नाही म्हणजे ठीक म्हणून पुढे जातात. अख्खा कपच पाण्याने भरला असेल तर थेंब दिसणार कसा? म्हणून आधी रंग बघायचा, आणि शंका आली तर वास घ्यायचा. हे मला कोणत्याही कॅप्टनने शिकवलं नाही, इंधन भरणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाने शिकवलं. लहान विमानतळावर अशी चार-सहा माणसं असतात: फायरचे जवान, गेटवरचा वॉचमन, टॉवरमधले साहेब, धावपट्टीवरून रोही आणि कुत्री हाकलणारा गावातला पोरगा. त्यांना नावाने ओळख. चार पट्ट्या खांद्यावर यायच्या आधीच ज्यांची मान ताठ होते अशी मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यांना कोणी आपणहून सांगत नाही की बाई, तुझ्या टायरमध्ये हवा कमी दिसते.

हॉस्टेलचं जग छोटं असतं. कोणाचा सोलो लांबला, कोण आरटीआरला, म्हणजे रेडिओच्या परीक्षेला, नापास झालं, सगळं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यात पडू नकोस. अपघात झाला की त्याचे व्हिडिओ तासाभरात फिरायला लागतात आणि वीस तास उडालेली मुलं चूक कोणाची ते सांगू लागतात. तू फॉरवर्ड करू नकोस. चौकशीचा अहवाल येतो तेव्हा मात्र बसून वाच, कोणी वाचत नाही. अहवालात पान-पानभर बारीक गोष्टी असतात, आणि त्यातली एखादी गोष्ट आपल्याही हँगरात रोज घडत असते.

कॉलेजला प्रवेश घेऊन ठेव आणि एनसीसीची एअर विंग मिळते का बघ. नागपूरच्या एअर स्क्वाड्रनमध्ये कॅडेटना मायक्रोलाइटमध्ये बसायला मिळतं. पोटात ढवळतं की नाही, ते फुकटात कळेल. शेजारच्या अमरावतीत बेलोऱ्याला एअर इंडियाने मोठी प्रशिक्षण संस्था काढायचं २०२४ मध्ये जाहीर केलं, तिच्यावरही नजर ठेव. एक वर्ष गेलं तर काही बिघडत नाही. अठरा पूर्ण झाल्याशिवाय कमर्शियल लायसन्स तसंही मिळत नाही.

शनिवारी इकडे ये. शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोच, पहाटे पाचला निघावं लागेल. आधार कार्ड आण, गेटवर पास करावा लागतो. चप्पल चालणार नाही, बूट घाल. ओढणी नको, हँगरात अडकते. फोटो काढायचे नाहीत. त्या संस्थेने पाठवलेला कराराचा कागद सोबत आण, परताव्याचं कलम आपण दोघं मिळून वाचू. ताईला सांग डबा देऊ नकोस, गेटबाहेर तर्रीपोहे मिळतात.

तुझा,
मामा