मुक्कामी पाहुण्यांच्या खोल्या : परवाने, नोंदणी आणि कर



हुरड्याचे दिवस असोत, आंब्याचा हंगाम असो की पावसाळ्यातले शनिवार-रविवार, मुंबई-पुण्याची कुटुंबे आता हॉटेलपेक्षा शेतावरच्या घरात राहणे पसंत करतात. घराला लागून दोन खोल्या वाढविल्या, संडास-न्हाणीघराची नीट सोय केली आणि घरचे जेवण वाढले की हातात रोख पैसा येतो. हा पैसा पाऊस किंवा बाजारसमितीतल्या भावावर अवलंबून नसतो, म्हणून या जोडधंद्याकडे पुष्कळ जण वळत आहेत. मात्र खोल्या बांधताना जेवढा विचार होतो तेवढा परवान्यांचा व करांचा होत नाही. नोटीस हातात पडल्यावर धावाधाव सुरू होते.

या विषयात एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. पाहुण्याने खोलीचे पैसे दिले की तेवढ्यापुरता तो व्यवहार शेतीचा राहत नाही. खोली शेतात आहे, जेवणातली भाकरी शेतातल्या ज्वारीची आहे, मालक स्वतः शेतकरी आहे, यापैकी कशानेही त्यात फरक पडत नाही. शेतीला मिळणाऱ्या सवलती त्या खोलीला आपोआप लागू होत नाहीत. बहुतेक अडचणी एवढी गोष्ट ध्यानात न घेतल्याने उद्भवतात.

जागा कोणत्या हद्दीत आहे?

प्रथम आपले घर गावठाणात आहे, शेताच्या गटात आहे की नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, हे पाहावे. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये असते व त्यावर घरपट्टी आकारली जाते. खोल्या वाढविल्यास ती नोंद दुरुस्त करून घ्यावी. घर गटात असेल तर ते शेतघर म्हणून बांधलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे शेतघर हे शेतीच्या सोयीसाठी असते. त्याचा मुक्कामासाठी वापर करण्यापूर्वी तहसील कार्यालयात लेखी विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी 'चालेल' म्हणणारा अधिकारी बदलून जातो, कागद मात्र राहतो. (तलाठी आणि ग्रामसेवक यांची पदनावे अलीकडे बदलली आहेत. त्यामुळे कागदावर ग्राम महसूल अधिकारी किंवा ग्रामपंचायत अधिकारी असा शिक्का दिसल्यास गोंधळू नये.)

अलिबाग, मुरूड, महाबळेश्वर, पाचगणी किंवा माथेरान अशा नगरपरिषदेच्या हद्दीत घर असेल तर महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ लागू होतो. तेथे राहत्या घराच्या व धंद्याच्या वापराच्या मालमत्ता कराची आकारणी वेगळी होऊ शकते. वापर बदलल्याचे आपण कळविले नाही आणि पाहणीत आढळले तर मागील फरकासह मागणी येण्याचा धोका असतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून व माथेरान परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. तेथे आहे त्या घरात पाहुणे ठेवणे व नवीन खोल्या बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किनारपट्टीवरही भरतीरेषेपासूनचे अंतर पाहिल्याशिवाय पाया खणू नये.

कोकणातील वाचकांसाठी आणखी एक सूचना. आपल्याकडे सातबाऱ्यावर चुलते, आत्या, मुंबईला असलेले भाऊ अशी आठ-दहा नावे सामाईक असतात. गावी राहणारा एक भाऊ खोल्या चालवितो, पहिली दोन वर्षे कोणी बोलत नाही आणि पैसा दिसू लागला की वाद उभा राहतो. म्हणून सर्व सहहिस्सेदारांचे संमतिपत्र सुरुवातीलाच घ्यावे. खर्च कोणी करायचा आणि नफा कोणाचा हेही त्यातच लिहावे. नोंदणीच्या वेळी हा कागद उपयोगी पडतो, आणि घरातला सलोखा टिकण्यास त्याहून अधिक उपयोगी पडतो.

पर्यटन विभागाची नोंदणी

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्याप्रमाणे किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यास आपले केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदविता येते. या धोरणात नोंदणीचे शुल्क २,५०० रुपये ठरविण्यात आले असून नोंदणी पाच वर्षांसाठी असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचे १,००० रुपये भरावयाचे आहेत. सातबारा, आधार, पॅन, विजेचे बिल व शुल्क भरल्याचे चलन हे मुख्य कागद होत. बँकेकडे कर्ज मागताना हे प्रमाणपत्र कामी येते.

शेती नसून केवळ घर असेल, तर राज्याची न्याहारी व निवास योजना पाहावी. केंद्र शासनाच्या पर्यटन मंत्रालयाचीही अशीच योजना आहे. तीत एक ते सहा खोल्या चालतात, परंतु मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. घराला कुलूप लावून शहरात राहणाऱ्याने ती आपल्यासाठी नाही असे समजावे. आपली जागा गोव्यात असेल तर तेथे १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा लागू आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्यास त्याखाली नोंदणी बंधनकारक आहे.

जेवण देणार असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली नोंदणी घ्यावी. लहान व्यावसायिकास साधी नोंदणी पुरते. परदेशी पाहुणा मुक्कामास आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. पूर्वी यास सर्वजण 'सी फॉर्म' म्हणत. १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन कायदा आला, तरी मुक्कामाची जागा देणाऱ्याची जबाबदारी कायम आहे.

वस्तू व सेवा कर

सर्वांत जास्त गैरसमज येथे आहेत. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा जास्त झाली की नोंदणी करावी लागते. ४० लाखांची मर्यादा केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे, ती खोल्यांना लागू नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास कराचा दर ५ टक्के आहे. मात्र या दरात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. भाडे ७,५०० रुपयांच्या वर असल्यास दर १८ टक्के आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका बागायतदाराने वर्षात १४ लाखांचा ताजा आंबा विकला आणि खोल्यांचे ७ लाख आले. ताज्या आंब्यावर कर नाही. केवळ शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्यास नोंदणीही लागत नाही. म्हणून तो समजतो की आपली उलाढाल ७ लाखच आहे. परंतु कायद्यातील एकूण उलाढालीच्या व्याख्येत करमाफ पुरवठाही मोजला जातो. तशी बेरीज धरली तर ती २१ लाख होते व मर्यादा ओलांडली जाते. कर मात्र फक्त खोल्यांवर, म्हणजे ७ लाखांवर ५ टक्क्यांनी ३५,००० रुपये एवढाच पडतो. ज्यांच्या शेतमालाची विक्री मोठी आहे त्यांनी, 'माझा आंबा उलाढालीत धरायचा काय?' हा प्रश्न कर सल्लागारास याच शब्दांत विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

दुसरा गैरसमज मोबाईलवरील बुकिंगविषयी आहे. बुकिंग घेणारी कंपनी कर भरते, मग आपण मोकळे, असे अनेकांना वाटते. हे अर्धेच खरे आहे. खोली देणारा नोंदणीस पात्र नसेल तेव्हा त्या कंपनीमार्फत झालेल्या बुकिंगवर कर भरण्याची जबाबदारी कंपनीची असते. मागच्या वर्षीचा पाहुणा थेट फोन करून आला, तर तो व्यवहार तुमचा स्वतःचा. शिवाय कंपनीने भरलेला कर हा वस्तू व सेवा कर आहे, प्राप्तिकराशी त्याचा संबंध नाही.

प्राप्तिकर

शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. शेतातल्या घराचे उत्पन्नही शेतीचेच, असा दावा पूर्वी होत असे. वित्त अधिनियम २००० ने ही वाट बंद केली. असे घर राहण्यास भाड्याने दिले किंवा धंद्यासाठी वापरले तर त्यापासूनचे उत्पन्न शेतीचे धरू नये, असा खुलासा कायद्यात घालण्यात आला. खोल्यांचे पैसे शेतीच्या उत्पन्नात मिसळून विवरणपत्र भरणे म्हणूनच धोक्याचे आहे. कंपनीमार्फत आलेल्या रकमेची नोंद तिच्याकडे असतेच. ती रक्कम देताना कंपनी ०.१ टक्का प्राप्तिकर कापते व तो तुमच्या पॅनवर दिसतो. वर्षाची रक्कम ५ लाखांपर्यंत असून पॅन किंवा आधार दिलेला असेल तर कपात होत नाही. दोन्ही न दिल्यास ५ टक्के कापले जातात.

मुळात घाबरण्यासारखे यात फारसे नाही. जेवण, झाडलोट, चादरी अशा सेवेसह खोली देणे हा व्यवसाय आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असल्यास अनुमानित पद्धत वापरता येते. तीत बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या ६ टक्के व रोखीच्या ८ टक्के एवढा नफा धरतात. वरील ७ लाख सर्व बँकेतून आले असतील तर नफा ४२,००० रुपये धरला जाईल. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवावा. बिगरशेती उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असले, तर कराचा दर ठरविण्यासाठी शेतीचे उत्पन्न जमेस धरले जाते. मुलगा नोकरीत असेल आणि खोल्या त्याच्या नावावर असतील, तेथे ही बाब आधी तपासावी. व्यवसाय कराची नोंदणीही सल्लागारास विचारून घ्यावी. घटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा कर वर्षास २,५०० रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही.

शेतीपंपाच्या विजेवर खोल्या नकोत

ही चूक सर्रास होते आणि महाग पडते. विहिरीवरील शेतीपंपाची जोडणी जवळ असते, तिच्यावरूनच खोल्यांना वायर ओढली जाते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो. आकारणी त्या वापरास लागू असलेल्या दराच्या दुपटीने होते. वापर केव्हा सुरू झाला हे ठरविता आले नाही, तर मागील बारा महिन्यांची आकारणी करतात. खोल्यांसाठी स्वतंत्र मीटर घ्यावा. अर्जात वापर खरा लिहावा.

शेवटी वहीबद्दल. एक जाड रजिस्टर करून त्यात पाहुण्याचे नाव, गाव, ओळखपत्राचा क्रमांक, येण्या-जाण्याची तारीख व वेळ, घेतलेली रक्कम आणि ती रोख की बँकेतून, एवढे रकाने आखावेत. खोल्यांसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे. किराणा, गॅस, स्वयंपाकीण बाईंची मजुरी यांच्या पावत्या महिन्याप्रमाणे एका फाईलीत लावाव्यात. येणारा प्रत्येक अधिकारी, मग तो पोलीस ठाण्याचा असो की नगरपरिषदेचा, आधी हीच वही मागतो.