घंटेची वेळ आणि वेळेची नोंद

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाच्या कानात एक घंटा कायमची वसलेली असते. आमच्या काळी ती म्हणजे कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा होता. पहाटेचे उठणे, न्याहारी, वर्ग, सायंकाळचा अभ्यास, दिवे मालवणे या साऱ्यांवर त्या लोखंडाची सत्ता चाले. पुढे विज्ञान-प्रदर्शनासाठी मुलांनी एक स्वयंचलित घंटा तयार केली आणि ती वसतिगृहात बसविण्यात आली. काही दिवस ती उत्तम चालली. मग एका रात्री वीज गेली व साडेबाराच्या सुमारास परत आली. आज्ञावलीत आरंभीची वेळ पहाटे चारची लिहिलेली होती. यंत्राने चार वाजले असे मानले आणि तासाभराने, म्हणजे रात्री दीडला, उठण्याची घंटा दिली. लहान वर्गांतील मुले बादल्या घेऊन अंधारात नळाशी रांगेत उभी राहिली.

यंत्रातील एकही भाग बिघडला नव्हता. त्याला वेळ ठाऊक नव्हती, आणि ती आपल्याला ठाऊक नाही हे कळण्याचीही सोय त्यात नव्हती. शिवाय वीज केव्हा गेली, घंटा केव्हा वाजली, याची कोठेही नोंद नसल्याने दुसऱ्या दिवशी दोष कोणाचा यावर वाद तेवढा झाला. या दोन्ही उणिवा दोन लहान चिप दूर करतात. एक वेळ राखते, दुसरी नोंद जपते. त्यांच्याशी आज्ञावलीने कसे बोलावे, हे प्रस्तुत पाठात पाहू.

वेळ राखणारी चिप

आर्डुइनो उनोसारख्या फलकावरील मायक्रोकंट्रोलर वीज मिळाल्यापासूनचा काळ मोजतो. वीज गेली की ती मोजणी संपते. म्हणून वेळ राखण्याचे काम रिअल-टाइम क्लॉक नावाच्या स्वतंत्र चिपकडे सोपवितात. तिच्या सोबतीला स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. या संख्येची पंधरा वेळा निमपट केली की बरोबर एक उरतो, आणि तोच आपला सेकंद. मुख्य वीज गेल्यावर ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल ही मोजणी चालू ठेवतो.

डीएस१३०७ ही या प्रकारची जुनी व स्वस्त चिप. तिच्या बाहेरील स्फटिकात दहा लाखांस वीस भागांची चूक असेल, तर महिन्याला सुमारे ५२ सेकंदांचा फरक पडतो. डीएस३२३१ या चिपमध्ये स्फटिक आतच असून तापमानानुसार त्याची दुरुस्ती होत राहते. शून्य ते चाळीस अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक दहा लाखांस दोन भागांपेक्षा अधिक नसते. याचा अर्थ, वर्षभरात फार तर एखादा मिनिट. शाळेच्या घंटेस ही चिप घ्यावी.

दोन तारांवरचा संवाद

या चिप आय-स्क्वेअर-सी पद्धतीने बोलतात. फिलिप्स कंपनीने १९८२ साली आणलेल्या या पद्धतीत दोनच तारा लागतात. एसडीए तारेवरून माहिती जाते आणि एससीएल तारेवरून तिचा ठेका. उनो फलकावर त्या ए४ व ए५ या टोकांना जोडाव्यात. एकाच जोडीवर अनेक चिप राहू शकतात, कारण प्रत्येकीला आपला पत्ता असतो. हेक्साडेसिमल पद्धतीत घड्याळाचा पत्ता ६८ आहे. बाजारातील पुष्कळ तयार फलकांवर डीएस३२३१ सोबत एटी२४सी३२ ही स्मृती-चिप असते आणि तिचा पत्ता बहुधा ५७ असतो. अशा काही फलकांवर सेल भारित करणारा मार्गही असतो. तेथे भारित न होणारा साधा सेल बसवायचा असेल, तर तो मार्ग आधी जाणकाराकडून तोडून घ्यावा.

घड्याळातील पहिल्या सात कप्प्यांत सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना व वर्ष अशी माहिती असते. येथे विद्यार्थी हमखास दोन ठिकाणी अडखळतात. पहिले असे की आकडे साध्या द्विमान पद्धतीत नसून प्रत्येक दशमान अंक चार बिटांत वेगळा लिहिलेला असतो. ४५ सेकंद ०१०० ०१०१ असे येतात. रूपांतर न करता वाचले तर ते ६९ दिसतात. दुसरे असे की मिनिट व तास वेगवेगळ्या वेळी वाचू नयेत. पाच वाजून एकोणसाठ मिनिटांना तास वाचला आणि तेवढ्यात मिनिट उलटले, तर हाती ५:०० येतात, तब्बल एक तास मागे. म्हणून सातही कप्पे एकाच वाचनात मागावेत. त्या वेळी चिप स्वतःच वेळेची प्रत बाजूला काढून तीच आपल्याला देते.

नोंद जपणारी चिप

एटी२४सी३२ मध्ये ४,०९६ बाइट मावतात आणि वीज नसली तरी ते टिकतात. मात्र तिची प्रत्येक जागा सुमारे दहा लाख लेखनांपर्यंतच खात्रीची असते. एकाच जागी दर सेकंदाला लिहिले, तर हा आकडा बारा दिवसांच्या आत गाठला जातो. यावर उपाय म्हणजे गोल फिरणारी वही. प्रत्येक नोंद आठ बाइटांची ठेवावी. दोन बाइट अनुक्रमांकाचे, पाच वर्ष-महिना-तारीख-तास-मिनिटांचे आणि शेवटचा कारण व पडताळ्याचा. अशा ५१२ नोंदी मावतात. दिवसाला वीस नोंदी धरल्यास एकेका जागेची पाळी पंचवीस दिवसांनी येते. वीज परतल्यावर सर्वांत मोठा अनुक्रमांक शोधला की पुढची जागा सापडते.

ही चिप ३२ बाइटांच्या पानांत लिहिते. पानाची हद्द ओलांडली तर उरलेली अक्षरे त्याच पानाच्या आरंभी जाऊन जुनी नोंद पुसतात. आठ बाइटांच्या चार नोंदी एका पानात नेमक्या बसतात, म्हणून हा धोका उरत नाही. लिहून झाल्यावर दहा मिलिसेकंद थांबावे. त्या काळात चिप उत्तर देत नाही आणि नवशिक्यास ती बिघडली असे वाटते.

मधला दुवा

घंटेच्या आज्ञावलीत पत्ते व कप्पे विखरू नयेत. मध्ये एक थर ठेवावा आणि त्याच्याकडे मोजकीच कामे असावीत. वेळ दे, वेळ लाव, नोंद लिही, नोंद वाच, आणि पाचवे सर्वांत महत्त्वाचे काम, वेळ विश्वासार्ह आहे का ते सांग. डीएस३२३१ मधील स्फटिकाची मोजणी कधी थांबली असेल, तर स्थितीच्या कप्प्यातील एक बिट १ होऊन राहतो. डीएस१३०७ मध्ये सेकंदांच्या कप्प्यातील सर्वांत वरचा बिट १ असेल, तर घड्याळ थांबलेले असते. उद्या चिप बदलली तरी बदल या थरापुरताच राहतो आणि घंटेचे वेळापत्रक जसेच्या तसे चालते.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर काय करावे? घंटा वाजवू नये. लाल दिवा लावावा, ‘वेळ संशयित’ अशी नोंद करावी आणि गृहपालांनी वेळ लावून दिल्यावरच तो बिट शून्य करावा. त्या रात्रीच्या यंत्रात एवढी सोय असती, तर पहाटे कोणीतरी हाताने रुळावर टोल दिले असते आणि मुलांची झोप मोडली नसती.

सध्याच्या विद्यार्थ्यांनी ही घंटा पुन्हा उभारावी आणि विद्युत्कामात मुरलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एखादी सुट्टी त्यांच्या सोबतीला द्यावी, अशी विनंती आहे. बसविण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. ऐन नोंद लिहिताना वीज तोडावी, सेल काढावा, पुन्हा जोडणी करावी आणि यंत्र काय सांगते ते पाहावे. ‘मला वेळ ठाऊक नाही’ असे त्याने सांगितले, तर ते वसतिगृहात लावण्यास योग्य झाले असे समजावे. तोपर्यंत कडुनिंबाचा रूळ काढू नये.