पटाशीच्या वाटेतला हात

माझ्या डाव्या हाताची तर्जनी आजही पूर्ण मिटत नाही. मूठ वळली की बाकीची बोटं तळव्याला टेकतात आणि ही एक सुपारीएवढं अंतर ठेवून थांबते. ओलं कापड पिळताना, नारळ धरताना, कुलपाची किल्ली फिरवताना तिची उणीव रोज जाणवते. घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्या, विशेषतः निवृत्तीनंतर हातात करवत घेणाऱ्या माझ्यासारख्या मंडळींसाठी हे लिहिते आहे.

मी चिपळूण तालुक्यातल्या एका गावात शाळेत शिकवत होते. नोकरी संपल्यावर घराच्या मागच्या पडवीत एक जुनं टेबल टाकलं, भिंतीला खिळे मारून हत्यारं टांगली आणि शिकायला लागले. एक करवत, दोन रंधे, गुण्या, लाकडी हातोडा आणि तीन पटाश्या, एवढाच पसारा. गावातले सुतारकाका अधूनमधून येऊन चुका दाखवायचे. दोन वर्षांत पाट झाले, देवघराची फळी झाली, नातवाचं स्टूल झालं. हात बसतो आहे असं वाटायला लागलं होतं.

२०१९ साली गणपती २ सप्टेंबरला होते. या वर्षी मूर्ती आपण केलेल्या चौरंगावर बसवायची, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. लाकूड घरचंच होतं. परसातला फणस चार वर्षांपूर्वी वादळात पडला होता, त्याच्या फळ्या माळ्यावर वाळत ठेवल्या होत्या. फणसाचं लाकूड दिसायला देखणं, ताजं असताना हळदीसारखं पिवळं आणि पुढे मधासारखं गडद होत जाणारं. पण त्याची रेषा सरळ राहीलच याचा भरवसा नाही. कधी कधी रेषा आत एकमेकींत गुंतलेल्या असतात. पटाशी दोन बोटं नीट जाते आणि तिसऱ्या बोटावर रेषा उलटी लागते. मग एकतर ती अडते, नाहीतर मोठी ढलपी उडवून पुढे निसटते. सुतारकाकांनी हे मला आधीच सांगितलेलं होतं.

२५ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी सहा वाजून गेले होते, बाहेर पाऊस, पडवीत एकच पिवळा दिवा. चौरंगाचे तीन पाय बसले होते. चौथ्याचं कुसू, म्हणजे वरच्या फळीच्या खाचेत शिरणारी पायाची जीभ, केसभर जाड होतं. एवढ्याशा कामासाठी पाय पुन्हा क्लॅम्पमध्ये कोण आवळणार, असं म्हणून मी तो डाव्या हातात धरला, टोक माझ्या तळव्याकडे ठेवलं आणि उजव्या हाताने चार सुती पटाशी ढकलायला लागले. जात नव्हती. मी खांद्याचा जोर लावला. तरी जात नव्हती, म्हणून अंगाचा भार टाकला. आणि मग ती एकदम गेली.

दुखलं फारसं नाही. तर्जनीच्या मुळाशी अर्ध्या इंचाची सरळ चीर दिसली, आधी पांढरी, मग लाल. मी सूनबाईला हाक मारून हळद मागवली, चिमटीने जखमेत भरली आणि वर फडकं बांधलं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे. पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबलं. “आई, डॉक्टरांकडे जाऊया ना,” असं ती दोनदा म्हणाली. रक्त थांबलं म्हणजे झालं, असं मी तिला सांगितलं. आठ दिवसांवर गणपती, घराची साफसफाई राहिलेली, आणि एवढ्याशा जखमेसाठी चिपळूण कोण गाठणार!

तिसऱ्या दिवशी करंज्यांचं पीठ मळायला बसले तेव्हा लक्षात आलं की ते बोट वळतच नाही. दुखतं म्हणून नव्हे. मी मनाने हुकूम देत होते आणि बोट सरळच्या सरळ राहत होतं. टोकाच्या एका बाजूला स्पर्शही कळत नव्हता.

चिपळूणच्या डॉक्टरांनी फडकं सोडलं, बोटाचं टोक धरून मला ते वाकवायला सांगितलं आणि लगेच पुढे पाठवण्याची चिठ्ठी लिहिली. कुंभार्ली घाट चढून आम्ही कराडला गेलो. तिथल्या सर्जनांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अंगठा सोडून प्रत्येक बोटात तळव्याच्या बाजूने दोन दोऱ्या जातात, त्यांना कंडरा म्हणतात. एक मधलं पेर वाकवते, दुसरी टोकाचं. बोटाच्या दोन्ही कडांनी संवेदनेच्या बारीक नसा जातात. माझ्या दोन्ही कंडरा आणि एक नस कापली गेली होती. कंडरा ताणलेल्या रबरासारखी असते. तुटली की तिचं मनगटाकडचं टोक आत ओढलं जातं, आणि जितके दिवस जातील तितकं ते शोधून जोडणं अवघड होतं. त्यात जखमेत हळद. ती धुऊन काढण्यातच बराच वेळ गेला, असं नंतर कळलं.

३० ऑगस्टला शस्त्रक्रिया झाली. कोपराखालपासून बोटांच्या टोकांपर्यंत मागच्या बाजूने प्लास्टरची पट्टी बसली, ती सहा आठवडे. गणपती आले ते जुन्याच पाटावर. दसरा हात गळ्यात अडकवून गेला. बारा आठवडे त्या हाताने भरलेली कळशी उचलायची नव्हती, कारण जोडलेली कंडरा त्या काळात जोर लावला तर पुन्हा तुटू शकते. पण हात नुसता बांधूनही ठेवायचा नव्हता. कंडरा आजूबाजूला चिकटू नये म्हणून ठरवून दिलेले व्यायाम ठरल्या वेळी करायचे. ते मी एकदाही चुकवले नाहीत, आणि जेवढं बोट आज वळतं ते त्यामुळेच. माझ्यासारखी दुखापत झालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की टाके घालून घरी आलात म्हणजे अर्धंच काम झालं.

प्लास्टर असतानाच सुतारकाका भेटायला आले. विचारपूस झाल्यावर ते पडवीत गेले आणि तीच पटाशी घेऊन आले. खिडकीशी उभं राहून तिची धार त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि हळूहळू तिरकी केली. कडेवर एक बारीक पांढरी रेघ चमकली. “बाई, खऱ्या धारेवर उजेड ठरत नाही,” ते म्हणाले. “हा उजेड ठरतोय, म्हणजे इथं धारच नाही. ही लाकूड कापत नव्हती, तुम्ही ते ढकलत होता.”

हे वाक्य मी रोज आठवते, कारण माझी समजूत नेमकी उलटी होती. धारदार हत्यार धोक्याचं आणि बोथट त्यातल्या त्यात बरं, असं मला वाटायचं. खरं असं आहे की धारदार पटाशी थोड्या दाबाने चालते, आणि थोड्या दाबाने चालणारी गोष्ट थांबवताही येते. बोथट पटाशीला अंगाचा भार द्यावा लागतो. लाकूड सुटलं की तो सगळा भार एका क्षणात मोकळा होतो आणि तो कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. लाकडात अडणारी पटाशी बोटाला मात्र सहज कापते.

तेव्हा धार लावायला शिका, आणि पहिलं लाकूड कापण्याआधी शिका. दुकानातून आणलेली नवी पटाशीही बहुधा तयार धारेची नसते. दोन बाजूंचा, एकीकडे खरखरीत आणि दुसरीकडे बारीक असा कार्बोरंडमचा दगड पुरतो. पाणी वापरा किंवा तेल वापरा, पण एकदा तेल घातलेल्या दगडाला पुढे तेलच. आधी पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, टोकाकडचा इंचभर भाग दगडावर पूर्ण टेकवून घासायची. पाठ सपाट नसेल तर उतार कितीही घासला तरी धार येत नाही, आणि नवशिके नेमकं हेच सोडून देतात. मग उतार. हातोडा मारायच्या कामाला साधारण ३० अंशांचा उतार चांगला. कोनमापक नको, फूटपट्टीने मोजा. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट भरली की ते ३० अंश होतात. नुसत्या हाताने तासायच्या पटाशीला २५ अंश चालतात, तेव्हा ती लांबी जाडीच्या सव्वादोन पटीहून थोडी जास्त येते. घासत राहा, पाठीच्या बाजूने धारेच्या संपूर्ण रुंदीभर बोटाला बारीक खरखर जाणवेपर्यंत. बोट धारेवरून आडवं फिरवायचं नाही, पाठीवरून बाहेरच्या दिशेला न्यायचं. ती खरखर एका कोपऱ्यात नसेल तर तो कोपरा अजून बोथट आहे. मग बारीक दगड, मग पाठ टेकवून दोन-तीन हलके हात, आणि शेवटी फळीवर चिकटवलेल्या जुन्या चामडी पट्ट्यावर फक्त मागे ओढायची.

धार आली की नाही ते अंगठ्यावर पाहू नका. देवदाराच्या किंवा खोक्याच्या मऊ लाकडाचं टोक घ्या, जिथे रेषा संपते ते, आणि त्यावरून पातळ पापुद्रा काढून बघा. कापलेली जागा गुळगुळीत, चकचकीत दिसली तर धार आहे. भुगा होऊन दाबली गेली तर नाही.

वेळ वाचवायला ग्राइंडरवर धरणाऱ्यांनी एवढं सांभाळावं की पातं दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. साध्या पोलादाच्या पटाशीचं टोक निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. आणि सागवानावर काम करत असाल तर दगड हाताशीच ठेवा. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते.

आता हात. नियम एकच आहे: पटाशी ज्या दिशेला जाते आहे त्या दिशेला शरीराचा कुठलाही भाग नको. दोन्ही हात धारेच्या मागे, नेहमी. त्यासाठी लाकूड हाताशिवाय स्थिर राहायला हवं. व्हाइस नसेल तर दोन सी-क्लॅम्प घ्या. तेही नको असतील तर तासाभरात होणारी एक फळी करा. साधारण १२ इंच लांब आणि ८ इंच रुंद फळी, तिच्या एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून एकेक आडवी पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकतं, आणि जितकं तुम्ही ढकलाल तितकं ते घट्ट बसतं. माझ्या पडवीत ही फळी असती तर ते कुसू दोन मिनिटांत झालं असतं. आता ती टेबलावर कायम असते.

आपल्याकडचे सुतार जमिनीवर बसून, पायाच्या तळव्याने लाकूड दाबून काम करतात. ते बघताना फार सोपं वाटतं. त्यांची ती बैठक लहानपणापासूनची आहे, आणि पाय कधी उचलायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. आपण पन्नाशीत शिकणाऱ्यांनी ती नक्कल करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पडवीत अनवाणी उभं राहूही नये. पटाशी टेबलावरून घरंगळली तर ती धरायला हात पुढे जातो, तो जाऊ देऊ नका. मागे सरा आणि पडू द्या. धार पुन्हा लावता येते.

हातमोजे घाला असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. अंगाचा भार घेऊन आलेलं पटाशीचं टोक साधा हातमोजा अडवत नाही. फिरणाऱ्या यंत्रावर तर मोजा गुंतून हात आत ओढला जातो, तिथे तो मुळीच नको.

आणि तरीही लागलंच तर? स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला, सूज यायच्या आत अंगठी काढा. हळद, कॉफी, चुना, काहीही भरू नका. हळदीवर माझा राग नाही, ती स्वयंपाकघरात थोर आहे. पण खोल जखमेत ती सर्जनला धुऊन काढावी लागते. रक्त थांबल्यावर दोन गोष्टी बघा. मधलं पेर धरून ठेवून फक्त टोक वाकतं का? बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श सारखा कळतो का? यातलं एक जरी उत्तर ‘नाही’ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि दोन्ही उत्तरं हो असली तरी जखम खोल असेल तर जाच. कंडरा अर्धवट कापलेली असेल तर बोट वाकतं, आणि नंतर कधीतरी ती तुटू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते घरात लिहून ठेवा. मळकट जखम असेल आणि पाच वर्षं उलटून गेली असतील तर ते पुन्हा घ्यावं लागतं. मला शेवटचं कधी दिलं होतं ते घरात कोणालाच आठवेना.

चौरंग पुढच्या वर्षी पूर्ण झाला. चौथा पाय नवीन करावा लागला, कारण जुन्याच्या कुसवात रक्त मुरलं होतं. आता मी काम दिवसाउजेडी करते, सणाच्या आधीच्या आठवड्यात पडवीला कुलूप लावते, आणि शक्ती लावावीशी वाटली की थांबून आधी दगडाकडे जाते.

आज संध्याकाळी आपली पटाशी दिव्याखाली धरून बघा. कडेवर पांढरी रेघ दिसली तर उद्याचं काम पुढे ढकला आणि धार लावा.