सूर्याकडे पाठ करून

पावसाळ्यात आकाशाकडे बघत राहणं ही माझी फार जुनी सवय. त्या बघण्यातून आणि अधूनमधून केलेल्या वाचनातून इंद्रधनुष्याविषयी जे हाती लागलं, ते सांगते. तुमच्याजवळही यातलं काही असणारच.

१. इंद्रधनुष्य वेळ पाळतं. श्रावणात दुपारी बारा-एकला ऊन-पावसाचा कितीही सुरेख खेळ रंगू दे, सपाटीवरून आपल्याला आकाशात कमान दिसायची नाही. आपल्या डोक्याची सावली जिथे पडते, तो या कमानीचा मध्य. तिथून साधारण ४२ अंशांवर तांबडा रंग येतो. सूर्य ४२ अंशांच्या वर चढला की अख्खी कमान क्षितिजाखाली जाते. श्रावणात पुण्याकडे याचा अर्थ असा की सकाळी साधारण नवाच्या आत, नाहीतर दुपारी चारनंतर. सकाळी बघायचं पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. हे कळल्यापासून श्रावणात चारच्या चहाचा कप घेऊन मी पूर्वेकडच्या खिडकीत बसते.

२. ज्याचं त्याचं इंद्रधनुष्य वेगळं. झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबून तुषार उडवले, सूर्य पाठीशी असला, की अंगणातच छोटी कमान उभी राहते. एक डोळा मिटून बघावं, मग दुसरा. कमान जागची हलते, कारण दोन्ही डोळ्यांना दिसणारे थेंबच निराळे असतात. किरण थेंबात शिरताना वळतो, मागच्या बाजूवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. इराणात कमालुद्दीन फारिसी आणि युरोपात फ्रायबर्गचा थिओडोरिक या दोघांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्यानं भरलेले काचेचे गोल उन्हात धरून हे शोधलं. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. पुढे १६३७ मध्ये देकार्तनं गणित मांडून ४२ अंशांचा हिशेब दाखवला. सूर्य, थेंब आणि डोळा या तिघांपैकी एकही वजा केला तर इंद्रधनुष्य उरत नाही. मग ते आकाशात ‘आहे’ असं तरी कसं म्हणायचं? या प्रश्नापाशी मी अजूनही थबकते.

३. पूर्ण वर्तुळ बघायचं तर उंच चढावं लागतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, सकाळी ऊन पाठीशी आणि खालच्या दरीत दाट धुकं असताना, आपली सावली धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांची गोल कडी उमटते. हेच इंद्रवज्र. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या हवामानावरच्या १८३५ च्या लेखात त्याची नोंद केली आहे. शास्त्राच्या दृष्टीनं ते इंद्रधनुष्य नव्हे. धुक्याचे थेंब पावसाच्या थेंबांहून कितीतरी बारीक, कडीही फक्त काही अंशांची, आणि तिच्यामागचं गणित पुष्कळ अवघड. मला मात्र तिथे वेगळंच जाणवलं. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला कडीचा मध्य तिच्या डोक्यावर दिसत होता, मला माझ्या. दोघीही खरंच बोलत होतो.

४. सात हा आकडा आकाशानं दिलेला नाही. शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ घोकलेल्या आपल्याला हे पटायला जड जातं. न्यूटननं आधी पाचच मुख्य रंग मानले होते. नारिंगी आणि पारवा त्यानं पुढे घातले, ते सप्तकातल्या सुरांशी मेळ बसावा म्हणून. आकाशात रेघ कुठेच नसते. तांबडा कुठे संपला आणि नारिंगी कुठे सुरू झाला, हे आजवर मला बोट ठेवून सांगता आलेलं नाही.

५. कमानीपेक्षा तिच्या आसपासचं आकाश बघावं. आतलं आकाश उजळ असतं. दुसरी, फिकी कमान ५१ अंशांच्या आसपास उमटते, तिचे रंग उलटे, कारण थेंबात प्रकाश दोनदा परततो. बालकवींच्या श्रावणाच्या कवितेतलं इंद्रधनुष्यही दुहेरीच आहे. दोन कमानींमधला पट्टा काळपट दिसतो. इसवी सन २०० च्या सुमारास अफ्रोदिसियसच्या अलेक्झांडरनं तो टिपला, म्हणून त्याचं नाव त्या पट्ट्याला. पोलरॉइड गॉगल असेल तर घालून बघा. कमानीचा माथा पुसट होतो, मान कलती केली की परत येतो. हा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो, याचा पुरावा असा नाकावर मिळतो.

६. माणसानं या कमानीवर फार काही लादलं, आणि तिनं ते पेललं. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत ती सूर्यकिरणांतून होते असं लिहिलं, आणि अनंत नागाच्या कुळातल्या सापांच्या निःश्वासातून ती होते हे काही आचार्यांचं मतही शेजारीच नोंदवलं. दोन्ही मतं शेजारी ठेवण्याचा हा मोठेपणा मला फार आवडतो. बायबलमध्ये ती महापुरानंतरचं वचन झाली. आपल्याकडे नोव्हेंबरात सहकार सप्ताहात सप्तरंगी झेंडा चढतो, तोही तिचाच. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरनं समलिंगी हक्कांच्या चळवळीसाठी आठ पट्ट्यांचा झेंडा केला. आता त्यात बहुधा सहा पट्टे असतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध वगळले, तेव्हा आपल्या रस्त्यांवरही तो फडकला. माणसांना चौकटीत कोंबू नका, हे सांगायला ज्यात रेघच नाही अशा गोष्टीहून चांगली खूण मिळाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

७. मनुस्मृती सांगते की इंद्रधनुष्य दिसलं तरी शहाण्यानं ते कुणाला दाखवू नये. एवढं एक मी मुळीच पाळत नाही. ते पाच-दहा मिनिटांत विरतं, आणि बहुतेक जण त्या वेळी मान खाली घालून चाललेले असतात. म्हणून येत्या श्रावणात चारनंतर ऊन असताना सर आली, तर सूर्याकडे पाठ करा, समोर बघा, आणि जो कुणी जवळ असेल त्याला, ओळखीचा असो वा नसो, हाक मारून दाखवा.