गर्दीवर चालणारा कारोबार आणि महामारीचे नियम

आमचा धंदा कापडाचा. दुकानात पाय ठेवायला जागा नसणे ही आमच्याकडे बरकतीची खूण समजली जाते. २०२० साली कोरोना आला आणि हीच गर्दी सर्वांत मोठी जोखीम ठरली. त्या वर्षीचा रमजान पूर्णपणे टाळेबंदीत गेला. २०२१ मध्ये महाराष्ट्रात नवे निर्बंध लागू झाले ते १४ एप्रिलच्या रात्री, आणि तो पहिला रोजा होता. सलग दोन वर्षे ईदचा सीझन हातातून गेला. शिवणारे, भरतकाम करणारे, चपला-बांगड्यांवाले, सर्वांचाच वर्षाचा हिशेब त्या एका महिन्यावर असतो, हे येथे वेगळे सांगायला नको.

अशा वेळी सरकारपुढे दोनच मार्ग असतात : सरसकट बंद ठेवणे, किंवा मर्यादा घालून चालू ठेवणे. दुसरा मार्ग मागायचा तर "आम्ही मर्यादा पाळून दाखवतो" असे बाजाराला सांगता आले पाहिजे. ते कसे पाळतात, याचा अभ्यास करण्यासाठी आम्ही मुद्दाम असा कारोबार निवडला आहे जो गर्दीशिवाय जगूच शकत नाही. तो म्हणजे डिस्ने कंपनीचे थीम पार्क. ज्यांनी खोपोलीजवळचे इमॅजिका पाहिले असेल त्यांना थोडी कल्पना येईल. फ्लोरिडातील डिस्नेचा पसारा त्याहून कितीतरी पट मोठा आहे.

बंद आणि चालू

अमेरिकेत डिस्नेची दोन ठिकाणे आहेत, एक कॅलिफोर्निया राज्यात आणि दुसरे फ्लोरिडात. दोन्ही मार्च २०२० मध्ये बंद झाली. पुढे मात्र त्यांचे रस्ते वेगळे झाले. फ्लोरिडातील पार्क ११ जुलै २०२० रोजी उघडू लागले. दुसऱ्याच दिवशी त्या राज्यात १५,३०० नवे रुग्ण जाहीर झाले. अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा तोवरचा तो एका दिवसाचा सर्वांत मोठा आकडा होता. लोकांनी कंपनीला नावे ठेवली, आणि ती ठेवण्यासारखी वेळ होतीच. कॅलिफोर्नियात कंपनीने १७ जुलै २०२० ही तारीख जाहीर केली होती, पण राज्य सरकारची नियमावलीच आली नाही. तेथील फाटक उघडले ते ३० एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे ४१२ दिवसांनी. तेही सुरुवातीला फक्त त्याच राज्यातील रहिवाशांसाठी आणि क्षमतेच्या चौथाई हिश्श्यापुरते. मधल्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, कंपनीने २८,००० लोकांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले आणि कॅलिफोर्नियाच्या बंदीकडे बोट दाखवले. त्यातील बहुसंख्य अर्धवेळ काम करणारे, म्हणजे ज्यांच्या हाताला दुसरा आधार नाही असेच लोक होते.

यात कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा आम्ही करणार नाही. बंद असलेल्या पार्कचा आवार रिकामा मात्र राहिला नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील पार्कच्या वाहनतळावर जिल्ह्याचे मोठे लसीकरण केंद्र सुरू झाले.

माणसे मोजणे

सर्वांत आधी उघडले ते शांघायचे डिस्नेलँड, ११ मे २०२० रोजी. तेथे एका दिवसाची नेहमीची क्षमता ८०,००० माणसांची. सरकारने ३० टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे २४,०००. कंपनीने आपण होऊन त्याहूनही कमी माणसे घेऊन सुरुवात केली. तिकीट ठराविक तारखेचे आणि आगाऊ घ्यायचे. फ्लोरिडात तर तिकीट खिशात असले तरी कोणत्या दिवशी, कोणत्या पार्कात येणार याची नोंद आधी करावी लागे. नोंद नाही तर प्रवेश नाही. प्रथम सुमारे २५ टक्के माणसे घेतली जात. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीचे प्रमुख बॉब चापेक यांनी मर्यादा ३५ टक्के केल्याचे सांगितले. सहा फुटांचे अंतर ठेवून जेवढी माणसे मावतात त्यावर हा हिशेब बसवला होता. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या एका पार्कात २०१९ मध्ये अंदाजे २ कोटी ९ लाख माणसे आली होती. २०२० मध्ये, बंदचे महिने धरून, तो अंदाज ६९ लाखांवर आला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दुकानदार समजतो की माणसे चौथाई केली की गर्दीही चौथाई झाली. तसे होत नाही. समजा एका पाळण्यात तासाला १,६०० माणसे बसतात. दोन कुटुंबांमध्ये एक ओळ रिकामी सोडली तर बसणार ८००. म्हणजे बाहेरची माणसे घटली तशी आत घेण्याची ताकदही घटली. त्यात रांगेत प्रत्येक कुटुंबामागे सहा फूट सोडायचे. शंभर माणसांची जी रांग पूर्वी इमारतीत मावत असे ती आता रस्त्यावर येऊन वळसे घेऊ लागली. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले आणि लोक म्हणाले, बघा किती गर्दी! वास्तविक ती रांग लांब होती, दाट नव्हती. लांब रांग आणि दाट रांग यातला फरक ज्याला कळला त्याला गर्दीचे निम्मे शास्त्र कळले असे आम्ही म्हणू.

दुसरे असे की, गर्दी संख्येने होते तशीच वेळेनेही होते. रात्रीची आतषबाजी आणि दुपारची मिरवणूक हे डिस्नेचे मोठे आकर्षण. पण एका ठरलेल्या वेळी, एका ठरलेल्या जागी सर्वांना खेचून आणणारी गोष्ट तीच. म्हणून ती दोन्ही बंद केली. मिरवणुकीच्या जागी लहान लहान स्वाऱ्या, वेळ जाहीर न करता, दिवसात अनेकदा फिरवू लागले. वेळच ठाऊक नसल्याने कोणी आधीपासून जागा धरून बसेना. समोर आली तेवढी पाहिली, पुढे चालू लागले. फ्लोरिडात आतषबाजी परत आली ती जुलै २०२१ मध्ये. आमच्या बाजारात सेल "सकाळी १० वाजता पहिल्या ५० ग्राहकांना" असा लावतात, तो या मिरवणुकीचाच भाऊ आहे.

नियम आणि कापड

मास्कचा नियम आम्ही फार बारकाईने वाचला, कारण तो आमच्या धंद्याच्या भाषेत लिहिलेला आहे. फ्लोरिडात दोन वर्षांवरील प्रत्येकाला मास्क सक्तीचा होता. पण "मास्क लावा" एवढेच लिहून ते थांबले नाहीत. कापड श्वास घेता येईल असे, किमान दोन पदरी. नाक-तोंड पूर्ण झाकणारे आणि हनुवटीखाली बसणारे. गालाला बेताने चिकटणारे. बंदाने किंवा कानातल्या लूपने पक्के केलेले, म्हणजे हात मोकळे राहतील. पुढे काय चालणार नाही हेही लिहिले : गळ्यातून वर ओढायची होजिअरीची नळी नाही, खाली उघडा राहणारा तिकोनी रुमाल नाही, जाळीचे कापड नाही, झडपेचा मास्क नाही.

कापडवाला म्हणून आम्हाला हे पटते. होजिअरीचे कापड ताणले की त्याची घरे उघडतात. दुकानात ते हातावर ताणून दाखवा, पलीकडचा उजेड दिसेल. तिकोनी रुमाल समोरून झाकतो आणि खालून सोडतो. झडपेच्या मास्कमधून आत जाणारी हवा गाळली जाते, बाहेर टाकलेली सरळ बाहेर जाते. म्हणजे लावणाऱ्याचे भले होते, शेजाऱ्याचे नाही. माल कसा हवा हे पदर, वीण आणि माप यांसह लिहून दिले की सौद्यात भांडण राहत नाही. नियमाचेही तसेच आहे. "योग्य तो मास्क" असे लिहिले असते तर फाटकावर प्रत्येकाशी हुज्जत झाली असती. (मास्क विकण्याची संधीही कंपनीने सोडली नाही. चार कापडी मास्कांचा संच सुमारे २० डॉलरला लावला, आणि दहा लाख मास्क दानही जाहीर केले.)

तरीही गिऱ्हाइकाने पळवाट शोधलीच. खाता-पिताना मास्क काढायची मुभा होती, म्हणून काही लोक हातात पेयाचा ग्लास घेऊन तासन्‌तास फिरू लागले. पार्क उघडून आठवडा होतो न होतो तोच नियम बदलला : खायचे-प्यायचे ते एका जागी थांबून आणि इतरांपासून अंतर ठेवून. पाळण्यात बसल्यावर लोक मास्क खाली ओढत. तेथे धावत्या गाडीत पोलीस कोठून आणणार? पण त्या गाडीत फोटो निघतो, आणि तो फोटो लोकांना हवा असतो. ज्या गाडीत कोणी मास्क काढला तिचा फोटो द्यायचाच नाही, असे ठरले. दंड नाही, दरडावणी नाही. हवी असलेली वस्तू हाती पडली नाही, एवढेच. पुढे डिसेंबर २०२० मध्ये असे उघडकीस आले की काही फोटोंत उघड्या चेहऱ्यांवर यंत्राने मास्क रंगवून दिले जात होते. बभ्रा झाल्यावर कंपनीने ते थांबवले. आमच्या मते ते थांबवले हेच बरे झाले. फोटो न देण्यात जी ताकद होती ती खोटा मास्क रंगवण्यात राहिली नसती.

जपानमध्ये याहून कठीण नियम होता : उंचावरून कोसळणाऱ्या गाडीत ओरडू नये! पाळणार कोण? पण फुजी-क्यू नावाच्या पार्कच्या दोन अधिकाऱ्यांनी स्वतः सूट-टाय आणि मास्क लावून, तोंडातून आवाज न काढता त्या गाडीतून फेरी मारली आणि तिची फिल्म लोकांना दाखवली. लोक हसले, पण नियम घरोघरी पोहोचला. मालकाने आधी स्वतः करून दाखवणे, ही रीत आमच्याकडे फारशी दिसत नाही. सेठ गल्ल्यावर हनुवटीला मास्क लटकवून बसलेले आणि पोऱ्याला सांगणार, गिऱ्हाइकाला टोक!

टोकणार कोण

सर्वांत अवघड बाब हीच. नियम कंपनीचा, राग मात्र सहन करायचा दारावरच्या नोकराने. फ्लोरिडात राज्याचे धोरण सैल होते. सप्टेंबर २०२० मध्ये गव्हर्नरांनी स्थानिक मास्क-नियम मोडणाऱ्या व्यक्तींकडून दंड वसूल करणेही थांबवले. तेव्हा सरकारी हुकमाकडे बोट दाखवून सुटका नव्हती. कंपनीने आपला नियम आपल्या मालकीच्या जागेची अट म्हणून चालवला आणि नाकारणाऱ्याला बाहेर काढण्याची तयारी ठेवली. २०२१ च्या फेब्रुवारीत डिस्नेच्या बाजारपेठेतील एका उपाहारगृहात तापमान तपासू न देणाऱ्या आणि जागा सोडायलाही तयार नसलेल्या एका माणसाला पोलिसांनी नेले. मी सहलीचे १५ हजार डॉलर भरले आहेत, हे त्याचे म्हणणे. पैसे भरले म्हणजे अट सुटली, असे समजणारे गिऱ्हाईक सर्व मुलुखांत सारखेच.

तथापि प्रत्येक वेळी दारावरून हाकलणेही बरोबर नव्हे. फ्लोरिडाच्या उन्हातून आलेल्याचे तापमान १००.४ अंशांवर दिसले तर त्याला आधी सावलीत, गारव्यात बसवून पुन्हा मोजत. ही माणुसकी आणि दुकानदारी दोन्ही आहे. याच्या दुसऱ्या टोकाला शांघाय. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी, आदल्या दिवशी येऊन गेलेल्या एका बाधित व्यक्तीमुळे, फाटके बंद करून सुमारे ३४,००० लोकांची तपासणी झाल्यावरच त्यांना बाहेर सोडले. आत येताना सांगितलेली अट आणि आत आल्यावर लादलेली अट यात आम्ही फरक करतो.

नोकरांच्या बाजूचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. नट-कलाकारांना कामामुळे मास्क लावता येत नाही, म्हणून त्यांच्या संघटनेने तपासणीची सोय मागितली आणि ती होईपर्यंत कामावर जायचे नाकारले. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीने तपासणी केंद्रासाठी आपली जागा दिली, तेव्हा तडजोड झाली.

एवढे करून रोग पसरला नाही काय? पार्कमुळे मोठा उद्रेक झाल्याचे त्या वर्षी समोर आले नाही. परंतु लांबलांबून आलेला माणूस चार दिवसांत आपल्या गावी जातो आणि आजारी तेथे पडतो. त्याचा माग काढणे कठीण. म्हणून यावरून पक्का दाखला द्यायला आम्ही तयार नाही. गोवराचे २०१४ च्या डिसेंबरचे प्रकरण जुने नाही : कॅलिफोर्नियाच्या त्याच पार्कातून तो आजार अनेक राज्यांत गेला आणि सव्वाशेहून अधिक लोकांना झाला, तेव्हा तर कसलेच निर्बंध नव्हते.

मे २०२१ पासून उघड्या जागेतला मास्क ऐच्छिक झाला, तापमान तपासणे बंद झाले. अंतराच्या खुणा पुसल्या गेल्या. आधी नाव नोंदवून येण्याची पद्धत मात्र कंपनीने लगेच सोडली नाही; उद्या किती माणसे येणार हे आज कळले की किती नोकर बोलवायचे आणि किती माल शिजवायचा हेही कळते. फ्लोरिडात तारखेच्या तिकिटांवरची ही सक्ती उठली ती जानेवारी २०२४ मध्ये.