इंजेक्शनाने नवं हृदय उगवत नाही

बदलापूरचे एक निवृत्त गृहस्थ उल्हासनगरच्या दवाखान्यात आले, ते एका हातात इकोचा रिपोर्ट आणि दुसऱ्या हातात मोबाइलवरची जाहिरात घेऊन. हृदयाचं पंपिंग 25 टक्के, म्हणजे हार्ट फेल्युअर. जाहिरातीत वचन होतं की स्टेम सेलची इंजेक्शनं घ्या, गोळ्या सुटतील. पैशांची जमवाजमव चालूच होती. पण डॉक्टरांचा पारा चढला तो वेगळ्याच कारणाने. गृहस्थांनी गोळ्या आधीच बंद केल्या होत्या! पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि झोपायला तीन उशा लागत होत्या.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते अशक्त झालेलं असतं, आणि नीट औषधं घेणारी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं हिंडतीफिरती राहतात.

मग स्टेम सेलचं काय? 2001 मध्ये पिएरो अन्व्हर्सा यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दावा केला, की अस्थिमज्जेतल्या पेशींनी हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा तयार होतो. जगभर आशा पालवली. 2018 मध्ये, अन्व्हर्सा पुढे जिथे काम करत होते त्या हार्वर्डनेच त्यांच्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घ्यावेत असं सांगितलं. प्रामाणिक संशोधन थांबलं नाही, थांबूही नये. ‘ड्रीम-एचएफ’ चाचणीत 537 रुग्णांवर उपचार झाले, काहींच्या हृदयाच्या स्नायूत थेट पेशी टोचल्या. 2023 मध्ये निकाल छापून आला: हार्ट फेल्युअर पुन्हा बळावण्याचे प्रसंग कमी झाले नाहीत. हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी होण्याची चिन्हं मात्र दिसली, म्हणून शोध चालू आहे.

शोध वेगळा, दुकान वेगळं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात. चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला (सीटीआरआय) नोंदणी क्रमांक विचारावा. क्रमांकाऐवजी पॅकेजचा दर पुढे आला, तर उठून बाहेर पडावं.

स्पायरोनोलॅक्टोन, बीटा ब्लॉकर, डापाग्लिफ्लोझिन अशी आयुष्य वाढवणारी औषधं अंबरनाथच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. ती कंटाळवाणी आहेत, त्यांची जाहिरात कोणी करत नाही. बरं वाटतंय म्हणून ती सोडू नयेत. बरं वाटतंय ते त्यांच्यामुळेच. उलट गुडघ्यासाठी परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन शरीरात पाणी साठवतात. उल्हासनगरात पापडाशिवाय पान वाढलं जात नाही हे मान्य, पण या आजारात मिठामुळे पापड आणि लोणचं दोन्ही दूरच बरं.

रोज सकाळी लघवीनंतर वजन करून लिहून ठेवावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं पडल्यावर खोकला आला किंवा स्टेशनचा पूल गेल्या आठवड्यापेक्षा जड वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं. बसल्या जागी दम, छातीत दुखणं, गुलाबी फेसाळ थुंकी किंवा भोवळ आली, तर गॅसची गोळी शोधण्यात वेळ न घालवता थेट 108 लावावा.