ओढ्यातील कीटकांची पिल्ले व पाण्याची परीक्षा

ओढ्याच्या पाण्यात औषध मिसळले किंवा त्यातील प्राणवायू घटला, तरी ते पाणी पुष्कळदा निर्मळच दिसते. हा बिघाड प्रथम बाधतो तो दगडांखाली राहणाऱ्या कीटकांच्या पिल्लांस. मुळशी तालुक्यातील जांबे व आसपासच्या गावी शेतांस लागून वसाहती वाढत आहेत. अशा वेळी आपली जनावरे ज्या ओढ्यावर पाणी पितात, त्याची परीक्षा शेतकऱ्यास स्वतः करता यावी, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

शोधण्याची रीत.— पावसाळा सरून पाणी निवळले म्हणजे, कार्तिक-मार्गशीर्षात, पाहणी करावी. मच्छरदाणीचे कापड दोन काठ्यांस बांधून धारेत आडवे धरावे व त्याच्या वरच्या अंगाचे दगड उलथून हाताने चोळावेत. संथ डोहात पाणगवताच्या कडेने चाळण फिरवावी. सापडेल ते पाण्यासह पांढऱ्या थाळीत घ्यावे व पाहून झाल्यावर परत ओढ्यात सोडावे.

ओळख.— पिल्लास सहा पाय असतात, व ते मोठे झाले की पाठीवर पंखांचे कोंब दिसतात. नंतर शेपटाकडे पाहावे.

१. टाचणी : अंग सडपातळ, शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले.
२. चतुर : अंग जाड, शेपटाशी आखूड काटे. खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो. तो पुढे फेकून हे पिल्लू भक्ष्य धरते. टाचणी व चतुर या दोहोंची पिल्ले डासांच्या अळ्या खातात.
३. मेफ्लाय : केसांसारखी तीन, क्वचित दोन शेपटे, पोटाच्या दोन्ही कडांस कल्ले, प्रत्येक पायास एकच नखी.
४. स्टोनफ्लाय : शेपटे दोनच, प्रत्येक पायास दोन नख्या. नख्या भिंगाने पाहाव्यात.

जातीची नेमकी निश्चिती हे तज्ज्ञांचे काम होय. फ्रेझर यांनी हिंदुस्थानातील चतुर व टाचण्यांवर १९३३ ते १९३६ या काळात तीन खंड प्रसिद्ध केले. आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्रही आहे.

अनुमान.— स्टोनफ्लाय व बहुतेक मेफ्लाय यांस भरपूर प्राणवायूचे वाहते पाणी लागते. ती नसून केवळ तांबड्या बारीक अळ्याच विपुल असतील, तर पाण्यात घाण साचली आहे असे समजावे. त्या अळ्यांच्या रक्तातील तांबड्या द्रव्यामुळे त्या अल्प प्राणवायूवरही तगतात. चतुराच्या काही जाती मात्र घाण पाणीही सोसतात. सबब केवळ चतुर आढळला म्हणून पाणी शुद्ध मानू नये. तसेच उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यात किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या पुरानंतर पिल्ले थोडी असणे स्वाभाविक आहे. याकरिता एकाच दिवशी गावाच्या वर व खाली, सारख्याच धारेच्या दोन जागा तपासाव्यात. वर मेफ्लाय विपुल असून खाली मुळीच नसेल, तर दोष बहुधा त्या दोहोंच्या दरम्यान शोधावा.

फवारणीचा पंप ओढ्यात कदापि धुऊ नये. तुडतुड्यांस मारणारे औषध या पिल्लांसही मारते. आणि ती नाहीशी झाली म्हणजे माशांचे खाद्य जाते व डासांचा एक शत्रूही जातो.